संगणकाचा वचनभंग

(तृतीय वर्ष कला, मराठी विशेष)

एकाचा बोध झाला की एकवचन आणि अनेकांचा झाला की अनेकवचन, ही गोष्ट आपण इतक्या लहानपणी शिकतो की पुढे जन्मभर तिचा पुन्हा विचार करण्याची वेळ येत नाही. घोडा-घोडे, नदी-नद्या, घर-घरे ही कोष्टके आपण सर्वांनी पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि विसरून गेलो. विसरलो तरी बिघडले नाही, कारण बोलताना आपली जीभ ती कोष्टके विसरत नाही. कितीही अशिक्षित मराठी माणूस ‘पाच गाय आली’ असे म्हणणार नाही.

पण आज आपण जे मराठी वाचतो त्यातले बरेचसे कोणा माणसाने आपल्यासाठी लिहिलेले नसते. ते संगणकाच्या पडद्यावर आयत्या वेळी जुळवलेले असते, आणि तिथे ही साधी कोष्टके रोज मोडताना दिसतात. ‘तुमच्या टोपलीत १ वस्तू आहेत.’ ‘५ नवीन संदेश आला.’ ‘१ दिवसांपूर्वी.’ ‘३ पुस्तक सापडले.’ शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना एका संकेतस्थळाने मला ‘आपले १ अर्ज प्रलंबित आहेत’ असे कळवले. अर्ज एक की अनेक, की चुकून दोनदा भरला गेला, या शंकेने मी तो पुन्हा उघडून पाहिला. एका क्रियापदाने माझा अर्धा तास खाल्ला. माझ्यासारख्या भाषेच्या विद्यार्थिनीचा अर्धा तास गेला तर ठीक. पण ज्याने आयुष्यात पहिल्यांदाच पडद्यावर अर्ज भरला आहे अशा माणसाचा अशा वाक्याने विश्वासच जातो.

या चुका किरकोळ नाहीत आणि त्या केवळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या नाहीत, असे माझे मत आहे. हा व्याकरणाचा प्रश्न आहे, म्हणून तो आपल्या, म्हणजे कला शाखेच्या, अंगणात येतो. हे मत पटावे म्हणून थोडे खोलात शिरते.

प्रथम साचा म्हणजे काय ते पाहू. आपल्या कार्यालयातून मिळणारा दाखला डोळ्यांसमोर आणा. ‘सदर विद्यार्थी/विद्यार्थिनी या महाविद्यालयात शिकत होता/होती’ असा मजकूर छापलेला असतो, नावासाठी जागा मोकळी असते, आणि नको असलेला शब्द कारकून पेनाने खोडतो. संकेतस्थळाचे प्रत्येक पान अशाच साच्यातून निघते. वाक्य आधी लिहून ठेवलेले, आकडा आणि नाव यांच्या जागा रिकाम्या. फरक एवढाच, की इथे खोडणारा कारकून नाही. काय ठेवायचे आणि काय खोडायचे याचा नियम कोणीतरी आधीच लिहून द्यावा लागतो.

हे साचे बहुधा इंग्रजीत जन्माला येतात आणि इंग्रजीत काम सोपे असते. शब्दाला शेवटी ‘एस’ जोडला की बहुतेक वेळा भागते. जॅंगो नावाची साच्यांची एक प्रसिद्ध व्यवस्था आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स या गावी एका वृत्तपत्राच्या कचेरीत ती तयार झाली आणि २००५ साली सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात ‘प्लुरलाइझ’ नावाची एक चाळणी आहे. आकडा एक असेल तर ती काही करीत नाही, नसेल तर शब्दाला ‘एस’ चिकटवते. ‘चेरी’सारख्या शब्दांसाठी दोन निराळे शेवट देण्याची सोयही तिच्यात आहे. इंग्रजीपुरते हे चोख आहे. अडचण सुरू होते ती हीच युक्ती मराठीला लावली की.

‘वस्तू’ हाच शब्द घ्या. याचे अनेकवचन ‘वस्तू’च. ‘लाडू’, ‘देव’, ‘शाळा’, ‘संदेश’ हे शब्दही एकवचनी-अनेकवचनी सारखेच. म्हणजे शब्दाला शेपूट जोडणाऱ्या चाळणीला इथे कामच नाही. पण वाक्य मात्र बदलते: ‘१ वस्तू आहे’, ‘५ वस्तू आहेत’, ‘१ नवा संदेश आला’, ‘५ नवे संदेश आले’. मराठीत वचन नामापुरते थांबत नाही. ते विशेषणात शिरते, क्रियापदात शिरते, आणि जाताना लिंगालाही बरोबर नेते. ‘नवी टिप्पणी आली’ याचे ‘नव्या टिप्पण्या आल्या’ होते. ‘नवे पत्र आले’ याचे ‘नवी पत्रे आली’. ज्या साच्यात फक्त नामाची जागा बदलता येते आणि बाकीचे वाक्य गोठलेले असते, त्या साच्यात शुद्ध मराठी लिहिणे कोणत्याही पंडिताला शक्य नाही. दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिले. ते स्वतः येऊन बसले तरी त्यांनाही तिथे एक वाक्य धड लिहिता येणार नाही.

संगणकाच्या जाणकारांना हे कळत नाही असे मात्र समजू नये. ग्नू प्रकल्पाची ‘गेटटेक्स्ट’ ही भाषांतराची जुनी आणि सर्वत्र वापरली जाणारी व्यवस्था आहे. तिच्यात प्रत्येक भाषेने आपल्या फायलीच्या माथ्यावर दोन गोष्टी लिहायच्या असतात: आमच्याकडे वचनाची किती रूपे आहेत, आणि कोणत्या आकड्याला कोणते रूप लागते. मग भाषांतर करणाऱ्याला तितके रकाने मिळतात आणि प्रत्येक रकान्यात तो संपूर्ण वाक्य लिहू शकतो. रकान्यांची मोजणी शून्यापासून असते एवढे ध्यानात ठेवावे लागते. शून्य क्रमांकाचा रकाना मराठीत एकवचनाचा असतो, शून्य संख्येचा नव्हे.

या निमित्ताने जगातल्या भाषा डोकावून पाहिल्या तर मौज वाटते. जपानीला वचनाचे एकच रूप पुरते. एक पुस्तक आणि शंभर पुस्तक. रशियनमध्ये पुस्तक म्हणजे ‘क्नीगा’. दोन, तीन, चारांना ‘क्नीगी’, पाचांना ‘क्नीग’, आणि एकवीस आले की पुन्हा ‘क्नीगा’, कारण तिथे एकवीस हा एकाच्याच चालीने चालतो. अकरा मात्र पाचाच्या चालीने. अरबीत तर सहा घरे: शून्य, एक, दोन, थोडे, पुष्कळ आणि इतर. आपल्या संस्कृतातले द्विवचन आपण मागे टाकले, अरबीने आपले द्विवचन जपले. फ्रेंच भाषा शून्यालाही एकवचनात बसवते, तर इंग्रजी त्याला अनेकवचन देते. हे सगळे नियम युनिकोड संस्थेच्या एका मोठ्या कोष्टकात नोंदलेले आहेत आणि जगभरचे संगणक तिथून ते उचलतात.

त्या कोष्टकात मराठी कुठे बसते? हिंदी, गुजराती, बंगाली, कन्नड या भाषांत शून्य आणि एक ही दोन्ही एकवचनाच्या घरात टाकलेली आहेत. मराठीसाठी नियम असा की फक्त १ एकवचनी, बाकी सारे अनेकवचनी. क्रमवाचकांसाठी तर मराठीला चार घरे आहेत: १ला एकटा, २रा-३रा यांची जोडी, ४था एकटा, आणि ५वा पासून पुढे सगळे ‘वा’. हिंदीला ‘छठा’ असल्यामुळे एक घर जास्त लागते. आपला ‘सहावा’ सरळमार्गी आहे. हे वाचून मला आनंद झाला. शाळेत ‘पहिला, दुसरा, तिसरा, चौथा’ म्हणताना जे आपण नकळत करतो त्याची इतकी नेमकी नोंद कोणीतरी केली आहे. तरीही कार्यक्रमांच्या पानांवर ‘१वा वर्धापनदिन’ दिसतो तेव्हा नियम लिहून ठेवणे आणि तो वापरणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत हेही कळते.

पण कोष्टकात बसले म्हणजे मराठी पूर्ण बसली असे नाही. मला तीन ठिकाणी आपली भाषा त्या घरांतून बाहेर डोकावताना दिसते.

पहिले ठिकाण शून्याचे. ‘० संदेश आहेत’ हे नियमाप्रमाणे शुद्ध, पण असे मराठी कोण बोलतो? आपण म्हणतो, ‘एकही संदेश नाही.’ म्हणजे नसण्याची गोष्ट सांगताना मराठी माणूस एकाला धरून सांगतो आणि क्रियापद एकवचनी ठेवतो. तेव्हा शून्यासाठी तिसरे वाक्य वेगळेच लिहायला हवे. बहुतेक व्यवस्थांत तशी सोय आहे. जॅंगोतही यादी रिकामी निघाली तर दाखवायचे वाक्य स्वतंत्र लिहिता येते. सोय आहे, मागणारा पाहिजे.

दुसरे ठिकाण अपूर्णांकांचे. ‘सव्वा रुपया’, ‘दीड रुपया’, ‘दीड वर्ष’ असे आपण एकवचन ठेवतो. ‘पावणेदोन रुपये’, ‘अडीच वर्षे’ येथे अनेकवचन सुरू होते. दीडपर्यंत मराठी कानाला ते एकच वाटते, एकाला थोडी जोड लागलेले. कोष्टकाचा नियम मात्र १.५ ला सरळ अनेकवचनात ढकलतो. कोणी म्हणेल, ‘१.५’ असे लिहिले की वाचणारा ‘दीड’ वाचीलच असे नाही. ‘एक पूर्णांक पाच दशांश रुपये’ असेही वाचील. खरे आहे. पण याचा निर्णय मराठी वाचणाऱ्यांच्या चर्चेतून व्हावा की दुसऱ्या भाषेच्या नियमाची नक्कल म्हणून आपोआप व्हावा, हा माझा प्रश्न आहे.

तिसरे ठिकाण सर्वांत मोठे, आणि त्याचा आकड्यांशी संबंधच नाही. मराठीत अनेकवचन हे मोजण्यासाठी असते तसेच मान देण्यासाठीही असते. सर आले, बाई आल्या. दोघेही एकेकच, तरी क्रियापद अनेकवचनी. आणि शिपाई? शिपाई ‘आला’. प्राचार्य ‘आले’ आणि शिपाई ‘आला’ हे आपण इतके सहज बोलतो की त्यात एक उतरंड दडली आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. साच्याला मात्र ही उतरंड पाळता येत नाही. रिकाम्या जागेत नाव कोणाचे येणार, पुरुषाचे की स्त्रीचे, सत्तर वर्षांच्या गुरुजींचे की सात वर्षांच्या मुलीचे, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून इंग्रजीतून उतरवलेल्या पानांवर ‘सुनीता सामील झाला’ अशी वाक्ये जन्माला येतात.

येथे मला आपल्या वर्गातला प्रयोगविचार आठवतो. कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग ओळखा, हा प्रश्न आपण कंटाळून सोडवतो. पण कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्त्याकडे पाहतच नाही. ‘सुनीता यांनी पुस्तक परत केले’, ‘गणेश यांनी पुस्तक परत केले’: नाव कोणाचेही घाला, वाक्य शुद्धच राहते. लिंगाची अडचण गेली, आणि ‘यांनी’मुळे मानही सर्वांना सारखा मिळाला. ‘सामील झाला/झाली’ याऐवजी ‘यांनी प्रवेश घेतला’ म्हटले की भागले. सात वर्षांच्या मुलीला ‘यांनी’ म्हणणे जरा विनोदी वाटेल, पण शिपायाला आणि प्राचार्यांना एकाच प्रत्ययाने बोलावणारे पान मला तरी आवडेल. साच्याच्या अडाणीपणातून एवढी समता साधत असेल तर ती पदरात पाडून घ्यावी. हा उपाय संगणकाच्या पुस्तकात सापडणार नाही. ज्याला दामले ठाऊक आहेत त्यालाच तो सुचेल.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला सर्वांत मराठी वाटते. ‘तासापूर्वी’ आणि ‘तासांपूर्वी’ यांत फरक किती? डोक्यावरचा एक ठिपका. सामान्यरूपात आपले सारे अनेकवचन त्या अनुस्वारात साठवलेले असते: मुलाला-मुलांना, दिवसात-दिवसांत, जणाने-जणांनी. ‘१ तासांपूर्वी’ असे जेव्हा पडद्यावर दिसते तेव्हा तो ठिपका नको तिथे पडलेला असतो. ‘५ मिनिटापूर्वी’ दिसते तेव्हा तो हरवलेला असतो. शिवाय ‘१ तासापूर्वी’ हेही वाचताना अडखळायला होते, कारण आपण म्हणतो ‘एका तासापूर्वी’, आणि आकड्याला ‘एका’ होता येत नाही. यावरही उपाय आहे. मराठीच्या एकवचनाच्या रकान्यात फक्त १ हाच आकडा येणार असल्यामुळे तिथे आकडा लिहिण्याचीच गरज नाही. सरळ ‘तासाभरापूर्वी’ असे लिहावे. रशियन माणसाला ही चैन परवडणार नाही, कारण त्याच्या त्याच रकान्यात एकवीसही येऊन बसतो. आणि शून्य-एक एकत्र असल्याने हिंदीवाल्यालाही नाही. आपल्याला ती आयती मिळाली आहे.

आता आक्षेपांकडे वळते. माझे काही मित्र म्हणतात, ‘अर्थ कळला ना? मग एवढा गहजब कशाला?’ अर्थ तर तोतऱ्या बोलण्याचाही कळतो. म्हणून आपण मुलांना तोतरे बोलायला शिकवत नाही. आज लहान मूल पुस्तकापेक्षा जास्त मजकूर पडद्यावर वाचते. रोज ‘५ संदेश आला’ वाचणाऱ्या मुलाच्या कानाचे काय होईल, ही चिंता मला अतिशयोक्तीची वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. ‘व्याकरण टाळताच येते. “संदेश : ५” असे लिहा, वचनाचा प्रश्नच उरत नाही.’ हे मी मान्य करते. यादीत, तक्त्यात, जिथे जागा अपुरी असते तिथे ही युक्ती उत्तम. पण सगळेच असे लिहिले तर पान म्हणजे किराणा दुकानाची पावती होईल. जिथे माणसाशी बोलायचे आहे, त्याचा अर्ज, त्याचे पैसे, त्याचे आजारपण यांविषयी सांगायचे आहे, तिथे त्याला पुरे वाक्य मिळाले पाहिजे.

तिसरा आक्षेप आजकाल फार ऐकू येतो: ‘आता यंत्रच भाषांतर करते, माणसाने कशाला डोके शिणवावे?’ यंत्र पुढ्यात आलेल्या वाक्याचे भाषांतर करते. पण वाक्यच तुकडे करून दिले, ‘तुमच्या टोपलीत’ एक तुकडा, ‘वस्तू’ दुसरा, ‘आहेत’ तिसरा, तर यंत्र प्रत्येक तुकडा बरोबर करील आणि सगळे मिळून चुकीचेच होईल. तुकडे करू नका, संपूर्ण वाक्य द्या, हे सांगायला भाषा जाणणारा माणूसच लागतो.

मग आपण काय करायचे? मोठ्या घोषणा करण्याची गरज नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. ती ज्या मीडियाविकी व्यवस्थेवर चालते तिचे बटणांपासून सूचनांपर्यंतचे सारे मराठी स्वयंसेवकांनी ‘ट्रान्सलेटविकी’ या ठिकाणी लिहिलेले आहे, आणि तिथे कोणालाही हातभार लावता येतो. तिथली सोय तर फारच समंजस आहे. वचनाची खूण भाषांतर करणाऱ्याला वाक्यात हवी तिथे घालता येते, नामावर, विशेषणावर, क्रियापदावरही. इंग्रजी मूळ वाक्यात ती नसली तरी चालते. म्हणजे वाक्याचा मालक भाषांतर करणारा असतो. ‘शब्द द्या, बाकी आम्ही पाहून घेतो’ म्हणणाऱ्या साच्याहून हे किती वेगळे!

आपल्या मराठी विभागाला माझी एक नम्र सूचना आहे. ‘वचनविचार’ शिकवताना एक तास या कामाला द्यावा. विद्यार्थ्यांनी आपापल्या फोनवर दिसणारी अशी वाक्ये वहीत उतरवावीत आणि प्रत्येकाची तीन रूपे लिहावीत: शून्याचे, एकाचे, अनेकांचे. नामाचे लिंग काय, सामान्यरूप काय, प्रयोग कोणता, हे त्यासोबत आपसूक येईल. शेजारच्या इमारतीत संगणक शिकणारी मुले आहेत; ती वही त्यांच्या हाती द्यावी. त्यांना नियम कसा लिहावा ते येते, कोणता लिहावा ते आपल्याला येते. आजवर या दोन इमारतींमधले अंतर जिना उतरून चढण्याएवढेच होते, पण कोणी जिना उतरले नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मंजुरी दिली, तेव्हा आपण पेढे वाटले. वाटायलाच हवे होते. पण त्या दिवशीही कोणत्या ना कोणत्या पानावर ‘१ अर्ज प्रलंबित आहेत’ असेच लिहिलेले असणार. भाषेचा मान दरबारात ठरतो तसा तो अर्जाच्या खिडकीपाशीही ठरतो, आणि खिडकीपाशी उभा असलेला माणूस एकटा असतो. त्याच्याशी एकवचनात नीट बोलणे आपल्या भाषेला जमते. ते पडद्यावर उतरवण्याचे काम कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी करावे.